भूतानमध्ये पक्षी आणि फुलं एकाच सहलीत: महिना ठरवण्याआधी उंची ठरवा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या आणि त्यांचे यजमान, दोघंही साठीच्या उंबरठ्यावर. यजमानांना पक्ष्यांचं आणि त्यांच्या फोटोंचं वेड, ताईंना रानफुलांचं. भूतानला मार्गदर्शकासोबतच्या निसर्गसहलीला जायचं मनात आहे. एका आयोजकाने एप्रिलअखेरचा दहा दिवसांचा कार्यक्रम पाठवला आहे, दुसऱ्याने 'निळी पॉपी दाखवतो' असं सांगून जूनचा. ताईंचा एक गुडघा दुखरा आहे. कोणता महिना घ्यावा, आणि एवढा खर्च करून गटाबरोबर जाण्यात अर्थ आहे का?

ताई, मी मूळचा वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. पक्षी नंतर आले. गेली बरीच वर्षं पूर्व हिमालयात छोटे गट घेऊन जातो आणि त्यात भूतानच्या फेऱ्या सगळ्यात जास्त. तुमच्यासारख्या जोड्या मला दरवर्षी भेटतात: एकाची मान वर, दुसऱ्याची खाली. म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही महिना विचारलात, पण निर्णय महिन्यापेक्षा रस्त्यावर जास्त अवलंबून आहे. आपण कासला जातो तेव्हा तारीख महत्त्वाची असते. पठार एका उंचीवर आहे, त्यामुळे सप्टेंबरातले ते दोन-तीन आठवडे साधले की साधलं. भूतानमध्ये तसं नाही. तिथे एका दिवसाच्या प्रवासात तुम्ही हजार-दोन हजार मीटर चढता आणि उतरता. हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं आणि बहर तेवढाच मागे पडतो. पुनाखाच्या खोऱ्यात, सुमारे १२०० मीटरवर, चिरपाईनच्या झाडांखाली एप्रिलमध्ये उन्हाळा जाणवतो. त्याच आठवड्यात ३५०० मीटरच्या वर नुकतं बर्फ वितळलेलं असतं आणि प्रिम्युलाचे जांभळे गोंडे जमिनीतून डोकं काढत असतात. म्हणजे तारीख दहा दिवस इकडेतिकडे झाली तरी बहर सापडतो, फक्त तो थोडा वर किंवा खाली सरकलेला असतो. अट एकच, तुमच्या मार्गात पुरेसे चढउतार हवेत आणि जिथे सापडेल तिथे थांबायला वेळ हवा. कार्यक्रमाचा कागद हातात आला की मी तारखेआधी खिंडींची आणि मुक्कामांची नावं वाचतो.

तरीही तुमच्यासाठी माझं उत्तर साधारण १८ एप्रिल ते ८ मे असं आहे.

या काळात जंगल गात असतं. पक्ष्यांची वीण सुरू झालेली असते, नर हद्द राखायला पहाटेपासून ओरडत असतात, आणि घनदाट झाडीत पक्षी शोधायला आवाज हाच खरा आधार असतो. फुलांपैकी ऱ्होडोडेंड्रॉनचा भर याच वेळी असतो. भूतानमध्ये त्याच्या ४६ जाती नोंदलेल्या आहेत. तिथले लोक त्याला 'एतो मेतो' म्हणतात. आपल्या ओळखीचा लाल बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम, खालच्या उतारांवर तोवर ओसरलेला असतो. पण दोचू ला, पेले ला, थ्रुमशिंग ला या खिंडींच्या आसपास इतर जाती उमललेल्या असतात: मोठ्या पानांचा गुलाबी केसांगी, फिकट पिवळ्या गुच्छांचा फाल्कोनेरी, गडद लाल थॉम्सोनाय. पारोच्या वाटांवर पांढरी क्लेमॅटिस कुंपणावरून ओसंडत असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण यावरून लोकांचा हिरमोड होताना मी पाहिला आहे. कासचा गालिचा मनात धरून एप्रिलमध्ये भूतानला जाऊ नका. या दिवसांतली फुलं बहुतांश झाडांवर असतात. कुरणांवरचा बहर पावसासोबत येतो.

आता निळी पॉपी. जूनच्या आयोजकाला एकच प्रश्न विचारा: कोणती पॉपी, आणि कुठे? भूतानचं राष्ट्रीय फूल असलेली निळी पॉपी पूर्वी मेकोनॉप्सिस ग्रँडिस समजली जायची. २०१७ मध्ये तिला मेकोनॉप्सिस गाक्यिदियाना अशी स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. 'गाक्यिद' म्हणजे आनंद. तिचं घर अगदी पूर्वेला, मेराक-साकतेंगकडे आहे. पारोजवळच्या चेले ला खिंडीत मेअखेरीपासून जी निळी पॉपी दिसते ती वेगळी, मेकोनॉप्सिस सिंप्लिसिफोलिया. तीही अतिशय सुंदर आहे. पाणीदार निळ्या पाकळ्यांवर दव असताना तिच्यासमोर मी अर्धा अर्धा तास बसलेलो आहे. पण आपण कोणासाठी चाललो आहोत हे माहीत असावं.

जूनमध्ये मान्सून येतो. धुकं उतरलं की दुर्बिणीतून दहा मीटरच्या पलीकडचं दिसत नाही. खालच्या जंगलात जळवा असतात, दरडींमुळे रस्ता काही तास किंवा दिवसभरही बंद होऊ शकतो. फुलं पाहणाऱ्याला हे सगळं सोसून जून परवडतो. पक्ष्यांच्या फोटोंसाठी आलेल्या माणसाचे मात्र त्यात हाल होतात. तुम्ही एकट्या किंवा मैत्रिणींसोबत निघाला असता तर मी जून सांगितला असता. दोघांची सहल आहे म्हणून एप्रिल-मे.

मार्गाबद्दल मी जरा आग्रही आहे. दहा दिवसांचे बहुतेक कार्यक्रम पारो, थिम्फू, पुनाखा, फोबजिखा असे पश्चिमेत फिरून परत येतात. फोबजिखाचं खोरं काळ्या मानेच्या क्रौंचांमुळे प्रसिद्ध आहे, पण ते क्रौंच तिबेटकडून ऑक्टोबरअखेरीस-नोव्हेंबरात येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. एप्रिलच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्रौंचाचं चित्र छापलेलं दिसलं तर सावध व्हा. कागद बनवणाऱ्याने ऋतूचा विचार केलेला नाही.

पक्षी आणि फुलं या दोन्हींसाठी भूतानमधला सगळ्यात श्रीमंत तुकडा मध्य-पूर्वेत आहे: ऊरा गावाकडून थ्रुमशिंग ला खिंड चढून पलीकडे सेंगोर, योंगकोला आणि खाली लिंगमेथांगपर्यंत उतरणारा रस्ता. खिंड सुमारे ३७५० मीटरवर आणि लिंगमेथांग साधारण ६५० मीटरवर. वर फर आणि हेमलॉक, मग बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉन, मग शेवाळाने लगडलेले ओक, आणि तळाशी जवळजवळ उष्ण कटिबंधातलं जंगल. हे सगळं एका सलग उतारावर, फारसं न तुटलेलं. त्याचा मोठा भाग फ्रुमसेंगला राष्ट्रीय उद्यानात येतो. देशाच्या किमान ६० टक्के भूभागावर कायम जंगल राहिलंच पाहिजे असं भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. त्या वाक्याचा अर्थ काय, हे या रस्त्यावर उभं राहिलं की डोळ्यांना कळतं.

इथे वॉर्ड्स ट्रोगॉन दिसतो. आपल्या सह्याद्रीतल्या कर्ण्याचा हा हिमालयातला भाऊबंद, आणि सापडायला तितकाच अवघड: मधल्या उंचीवरच्या फांदीवर पाठ करून गप्प बसतो. तांबड्या मानेचा धनेश, देखणी ब्यूटिफुल नटहॅच, आणि कड्यांवरच्या मोठ्या आग्या मोहोळांजवळ मेणावर जगणारा पिवळ्या पाठीचा हनीगाइड इथेच. खिंडीच्या वरच्या भागात पहाटे सॅटिर ट्रॅगोपॅन या रानकोंबड्याच्या जातकुळीतल्या पक्ष्याची लांबलचक आर्त हाक येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती कुणा मुलाच्या रडण्यासारखी वाटते. दर्शन होईलच असं वचन मी कोणाला देत नाही. हाक मात्र त्या दिवसांत बहुधा ऐकू येते.

तुमच्या गुडघ्यासाठीही हाच मार्ग सोयीचा आहे. भूतानमधलं पक्षीनिरीक्षण बहुतांश डांबरी रस्त्यावरून होतं. पहाटे गाडी वर सोडते, आपण उताराने सावकाश चालत येतो, गाडी मागून येत राहते. थकलात की बसा. डोंगर कापून रस्ता केलेला असल्याने एका बाजूला कापलेल्या उतारावरची फुलं डोळ्यांच्या उंचीवर येतात आणि दुसऱ्या बाजूला दरीतल्या झाडांचे शेंडे. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी मान न उचलता समोर दिसणं हे सुख सपाट जंगलात मिळत नाही. लिंडलेयाय, डालहौसीए यांसारखे ऱ्होडोडेंड्रॉन दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांची मोठी, पांढरी-पिवळसर फुलं अशाच रस्त्यावरून नीट पाहता येतात.

ताक्त्सांगची, म्हणजे 'टायगर्स नेस्ट'ची चढाई मात्र तुमच्या बाबतीत मी कार्यक्रमातून काढीन. घोडा अर्ध्या वाटेपर्यंत वर नेतो, उतरताना पायीच यावं लागतं आणि दुखरा गुडघा उतारावरच छळतो. समोरच्या बाजूने मठाचं दर्शन घ्या आणि तो दिवस चेले ला खिंडीला द्या. सुमारे ४००० मीटरच्या त्या खिंडीपर्यंत गाडी जाते. पहाटे लवकर पोहोचलात तर रस्त्याच्या कडेला मोनाल आणि रक्तफेझंट चरताना दिसण्याची चांगली शक्यता असते. तिथे मुक्काम नसतो, दोन-चार तास थांबून खाली यायचं असतं. तरी घाई करायची नाही, पाणी पीत राहायचं, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी उंचीबद्दल बोलून घ्यायचं.

आता दोघांचे दोन छंद एका दिवसात कसे बसवायचे, कारण खरी ओढाताण इथेच होते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली. बारा जणांचा मिश्र गट होता, मी एकटाच दोन्ही विषय सांभाळत होतो. पेले लाच्या अलीकडे बांबूत पॅरटबिलचा थवा आला आणि पुढचे लोक त्याच्या मागे धावले. मागे चौघीजणी एका डॅफ्नीच्या झुडपापाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. मी दोघांमध्ये येरझारा घातल्या. पुढच्यांना थवा नीट दिसला नाही, आणि मागच्यांना मी हे सांगू शकलो नाही की याच डॅफ्नीच्या सालीपासून भूतानचा हातकागद बनतो. संध्याकाळी जेवताना कोणी तक्रार केली नाही, पण सगळे गप्प होते. त्यानंतर मी एका गटात आठपेक्षा जास्त माणसं घेतली नाहीत, आणि मिश्र गट असेल तर दोन जाणकार बरोबर असल्याशिवाय निघालो नाही.

दिवसाची विभागणी तशी निसर्गच करून देतो. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. या दिवसांत पाच-साडेपाचला उजाडतं. पहाटेपासून साधारण साडेनऊपर्यंतचा वेळ पक्ष्यांचा. तेव्हा फुलं पाहणाऱ्यांनीही शांत राहायचं, मागे रेंगाळायचं नाही. दहानंतर पक्षी थंडावतात आणि फुलांना चांगला प्रकाश मिळतो. तेव्हा पक्षीवाल्यांनी कॅमेरा खाली ठेवून बसायचं. साडेतीननंतर पुन्हा पक्षी. हा करार पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलून घेतला की पुढचे दिवस सुरळीत जातात.

आणि एक जागा अशी आहे जिथे कराराचीही गरज पडत नाही: बहरलेलं ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड. माझा आवडता कार्यक्रम म्हणजे सेंगोरच्या वर असं एखादं झाड शोधून त्याच्यापासून पंधरा-वीस पावलांवर छोट्या घडीच्या खुर्च्या मांडून बसणं. पहिली दहा मिनिटं काही घडत नाही. मग युहिना या चिमुकल्या पक्ष्यांची टोळी येते, कपाळाला पराग माखलेले. रूफस सिबिया येऊन त्यांना हुसकावतो. मग शिंजीर येतात. आपल्या अंगणातल्या शिंजिराचेच नातलग, पण ज्या शिंजिराला अग्निपुच्छ म्हणावं असा फायर-टेल्ड सनबर्ड विणीच्या पोशाखात लांब लाल शेपूट घेऊन फुलासमोर थरथरताना पाहिला की दोन्ही छंदांची माणसं एकाच वेळी श्वास रोखतात. नशीब असेल तर हिरवागार, शेपटीत लाल ठिणगी असलेला मायझॉर्निस त्याच फुलात चोच घालताना दिसतो. फुलाचा आकार, त्यातला मध, पक्ष्याची चोच, कपाळावरचा पराग हे सगळं एका चौकटीत येतं. तुमच्या यजमानांना हवा असलेला फोटो आणि तुम्हाला हवं असलेलं फूल तिथे एकच असतं. कार्यक्रमात अशा बसण्यासाठी जागा आहे का, हे आयोजकाला विचाराच.

फुलांसाठी एक सवय आतापासून लावून घ्या. ऱ्होडोडेंड्रॉनचा फक्त फुलाचा फोटो आणला तर घरी आल्यावर जात ओळखणं फार कठीण जातं. प्रत्येक झाडाच्या पानाची खालची बाजूही टिपा. आर्बोरियमच्या पानाखाली चंदेरी लव असते, फाल्कोनेरीच्या पानाखाली गंजासारखी तांबूस, थॉम्सोनायची पानं गोलसर आणि खालून गुळगुळीत. सालीचाही फोटो घ्या. पान तोडायचं नाही, नुसतं बोटाने उलटं धरायचं.

पक्ष्यांच्या बाबतीत तशीच एक गोष्ट यजमानांना सांगा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावण्याची पद्धत सर्रास आहे. विणीच्या दिवसांत तो नर घरटं, जोडीदार, खाणं सोडून परक्या आवाजाशी भांडायला येतो. एकाच रस्त्यावर रोज पाच गट तेच करत असतील तर त्याच्या दिवसाचं काय होत असेल? माझ्या गटात ट्रॅगोपॅन आणि ट्रोगॉनसाठी आवाज वाजवत नाही. तुमच्या मार्गदर्शकाची यावर काय भूमिका आहे, ते आधी विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

पुनाखाजवळ फो छू, मो छू या नद्यांच्या काठाने जाताना पांढऱ्या पोटाचा बगळा दिसण्याची थोडी शक्यता आहे. हा जगातला सर्वांत दुर्मीळ बगळा. सगळ्या जगात मिळून ज्ञात पक्षी साठच्या आत, आणि त्यातले बरेच भूतानमध्ये. वाहत्या, स्वच्छ नदीच्या गोट्यांमध्ये तो तासन्‌तास निश्चल उभा राहतो, जवळच्या चिरपाईनवर घरटं करतो. जलविद्युत प्रकल्प, वाळूउपसा, माणसांची वर्दळ यांमुळे अशा नद्याच कमी होत चालल्या आहेत. तो दिसला तर रस्त्यावरूनच पाहायचं. फोटोसाठी नदीपात्रात उतरू नका, मार्गदर्शक 'चला' म्हणाला तरीही.

मार्गदर्शकासह गट हवाच का? भूतानमध्ये परवानाधारक मार्गदर्शकांची पद्धत पक्की आहे, त्यामुळे कोणीतरी सोबत असेलच. फरक पडतो तो माणूस कोण आहे यावर. किल्ले, मठ, इतिहास उत्तम सांगणारा मार्गदर्शक वेगळा आणि कानाने पक्षी ओळखणारा वेगळा. 'पक्षी-मार्गदर्शक' असं स्पष्ट मागा, आणि तो योंगकोलाला याआधी किती वेळा राहिला आहे ते विचारा. फुलं जाणणारा तिथे मिळणं त्याहून अवघड, म्हणून भारतातून वनस्पती जाणणारा कोणी गटासोबत असेल तर जास्त पैसे द्यावेत असं माझं मत आहे. दोघंच जाणार असाल आणि चांगला पक्षी-मार्गदर्शक मिळाला, तर गटापेक्षा तेही बरं. मनाला येईल तिथे थांबता येतं.

खर्चाचा एक ठोस भाग सांगतो. भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं ते शाश्वत विकास शुल्क भारतीयांना प्रतिव्यक्ती प्रतिरात्र १२०० रुपये आहे. बारा रात्रींचे दोघांचे २८,८०० रुपये. कार्यक्रमाच्या किमतीत ते धरलं आहे की वेगळं, हे लेखी घ्या. आपल्याला व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार कार्डावर विसंबून राहू नका. जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी असाल तर बटाटा-चीजचं केवा दात्शी रोज मिळेल, आणि या दिवसांत नेचाच्या कोवळ्या गुंडाळ्यांची भाजी मिळाली तर जरूर खा.

दहाच दिवस हातात असतील तर पूर्वेचा हा मार्ग रेटू नका, सगळा वेळ गाडीत जाईल. त्यापेक्षा अरुणाचलमधलं ईगलनेस्ट बघा. तिथेही उंचीचा असाच सलग उतार आहे, आणि पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये जगासमोर आणलेला बुगुन लिओसिकला हा पक्षी तिथलाच. राहण्याच्या सोयी मात्र साध्या आहेत, तंबूत झोपायची तयारी हवी.

बारा रात्री काढू शकलात तर माझी मांडणी अशी: पारोला दोन रात्री, पुनाखाला दोन, त्रोंग्साला एक, बुमथांग-ऊराकडे दोन, योंगकोलाला चार, त्राशीगांगला एक, आणि मग समद्रुप जोंखारमार्गे गुवाहाटी, म्हणजे त्याच रस्त्याने परत यावं लागत नाही. एप्रिलच्या आयोजकाला हीच मांडणी पाठवा. तो योंगकोलाच्या चारच्या दोन रात्री करायला सांगेल, कारण तिथे चांगल्या खोल्या मोजक्याच आहेत आणि या दिवसांत त्या लवकर भरतात. तेव्हा बुमथांगची एक रात्र कमी करा, पण योंगकोलाला तीनच्या खाली येऊ नका. तीन सकाळींपैकी एक सकाळ पावसात जाते, असा माझा अनुभव आहे. उरलेल्या दोनांपैकी एक सकाळ त्या झाडाखाली बसायला राखून ठेवा.